टाकी माझी, खड्डा सगळ्यांचा

पाणीटंचाईच्या बातम्या सुरू झाल्या की पावसाचं पाणी अडवण्यावरचा वादही सुरू होतो, आणि दोन्ही बाजू आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणून मोकळ्या होतात. एक बाजू ‘थेंबे थेंबे तळे साचे’ने आरंभ करते आणि प्रत्येकाने छतावरचं पाणी धरलं तर टंचाईच उरणार नाही, असं सांगून खाली बसते. दुसरी म्हणते, पाणी पुरवणं सरकारचं काम आहे. धरणांचं नियोजन, नळवाहिन्यांची गळती, बेसुमार उपसा यांवर बोलायचं सोडून लोकांना घरात पिंपं ठेवायला सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं. गच्चीवरचं पाणी मी काही वर्षं टाकीत घेतोय, त्यामुळे या वादात मला दोन्हीकडचे लोक आपला समजतात आणि दोन्हीकडचे शेवटी वैतागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ या एका नावाखाली दोन निराळी कामं कोंबली गेली आहेत. एक साठवणं, दुसरं मुरवणं. टाकीत साठवलेलं पाणी ज्याचं त्याचं असतं, खड्ड्यात मुरवलेलं पाणी सगळ्यांचं होतं. म्हणून जिथे जमीन पाणी पिते तिथे मुरवण्याची सक्ती हवी आणि तिची दरवर्षी तपासणीही हवी. टाकीचा निर्णय मात्र हिशेब करून ज्याचा त्याने घ्यावा. दोन्हींना एकच नियम आणि एकच भाषण लावल्यामुळे आज दोन्ही कामं धड होत नाहीत.

आधी हिशेब करू, कारण या वादात तो क्वचितच कुणी करतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. याहून सोपं कोष्टक शाळेतही नव्हतं. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एक लाख लिटर. त्यातलं थोडं गच्ची पिते, थोडं उडून जातं, थोडं पन्हळीबाहेर सांडतं. ऐंशी टक्के हाती लागतं असं धरू, म्हणजे ८०,००० लिटर. हा आकडा ऐकून उत्साही मंडळींची कळी खुलते, आणि शंकेखोर लगेच विचारतात, ‘ठेवणार कुठे?’

प्रश्न रास्त आहे. सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि आठ महिने आभाळ कोरडं राहतं अशा ठिकाणी चार माणसांचं घर घ्या. भारतात शहरी पुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने घराला रोज ५४० लिटर, आणि आठ कोरड्या महिन्यांना सुमारे १,३०,००० लिटर पाणी लागेल. तेवढं छतावरून येतच नाही. आलं असतं तरी त्यासाठी बांधायची टाकी म्हणजे घराखाली दुसरं घर. ‘पावसाच्या पाण्यावर वर्ष काढा’ असं सांगणाऱ्यांनी हा गुणाकार केलेला नसतो.

पण शंकेखोर या गुणाकारापाशीच थांबतात. टाकी वर्षातून एकदाच भरायची आणि एकदाच रिकामी करायची, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. धान्याच्या कणगीला हा नियम लागू पडतो, पावसाच्या टाकीला नाही. पाच हजार लिटरची टाकी घ्या. संडासात, फरशी पुसायला, कपडे आणि अंगण धुवायला माणशी रोज ६० लिटर जातात असं समजा, म्हणजे घराचे २४० लिटर. पावसाळ्याच्या १२० दिवसांत या कामांनाच २८,८०० लिटर लागतात. २५ मिलिमीटरची एक बरी सर आली तर आपल्या गच्चीवरून २,००० लिटर उतरतात. म्हणजे टाकी भरत राहते, उपसली जात राहते. पाच हजार लिटरच्या पोटातून हंगामात पावणेसहा टाक्या पाणी जातं आणि शेवटच्या पावसाने ती पुन्हा भरून उभी राहते. टाकी केवढी आहे यापेक्षा ती किती वेळा फिरते, हे महत्त्वाचं. पावसाळाभर टाकी भरलेली ठेवून ‘उन्हाळ्यात कामाला येईल’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची टाकी जूनअखेरीस भरते, आणि पुढच्या तीन महिन्यांचा पाऊस तिच्या डोक्यावरून वाहून जातो.

इथे एक खरोखर अवघड आक्षेप येतो. तो फारसा कुणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. पावसाळ्यात मी नळाचं पाणी वाचवलं, तर त्याचा एप्रिलला काय उपयोग? धरण भरून सांडव्यावरून वाहतच असेल, तर ऑगस्टमध्ये वाचवलेलं माझं पाणी शेवटी नदीनेच जायचं. हे बरोबर आहे. ज्या शहरांची धरणं दरवर्षी काठोकाठ भरतात, तिथे घरगुती टाकीने उन्हाळ्याची टंचाई हटत नाही, आणि तसं सांगणं ही फसवणूक आहे. तिथे वाचते ती पाणी दूरवरून उचलून, शुद्ध करून, वरच्या मजल्यावर चढवायला लागणारी मेहनत आणि वीज. पण धरण भरेल की नाही हे ऑगस्टमध्ये कुणाला ठाऊक असतं? ज्या वर्षी ते अर्धंच भरतं, त्या वर्षी पावसाळ्यात न वापरलेला प्रत्येक लिटर उन्हाळ्यापर्यंत तिथेच थांबतो. आणि ज्या घरांना धरणाचं पाणीच नाही, जी विहिरीवर किंवा बोअरवर चालतात, त्यांचं काय? त्यांचं धरण पायाखालीच आहे आणि ते सहसा सांडत नाही. त्यांनी चार महिने उपसा कमी केला तर तो फायदा थेट उन्हाळ्यात पोचतो. तेव्हा ‘टाकीचा उपयोग होतो का’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. पाणी कुठून येतं यावर ते ठरतं. म्हणूनच मी टाकीच्या सक्तीच्या विरोधात आहे.

सक्ती शोभते अशीही ठिकाणं आहेत. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर नद्या नाहीत. तिथे घर बांधताना छतावरचं पाणी धरणं आणि घराखाली टाकी करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. चुन्याने पांढरी केलेली, पायऱ्यापायऱ्यांची छपरं पाण्याचा वेग कमी करत ते टाकीकडे नेतात. पण तो निसर्गाने केलेला नियम आहे, कायद्याने त्याच्यावर फक्त शिक्का मारला. दुसरा झरा नसेल तर टाकी ही चैन राहत नाही. बाकीच्यांनी बर्म्युडाचं उदाहरण देताना आपल्या गावात नदी आहे का, एवढं तरी पाहावं.

आता मुरवण्याकडे वळू. वरच्या हिशेबात ८०,००० लिटरमधले २८,८०० वापरले, ५,००० टाकीत उरले. राहिले सुमारे ४६,०००. हे पाणी आज गटारात जातं, गटारातून रस्त्यावर येतं, आणि मग ते सोडणारेच लोक पूर आला म्हणून ओरडतात. ते शोषखड्ड्यात घातलं तर जमिनीत जाईल. पण कुणाच्या जमिनीत? पाण्याला कुंपण कळत नाही. ‘मी खर्च करून पाणी मुरवायचं आणि शेजाऱ्याने बोअर मारून ते ओढायचं, हा कुठला न्याय?’ असं विचारणारा माणूस स्वार्थी नाही, त्याने भूगोल नीट समजून घेतलाय. त्याला ‘समाजासाठी कर’ असं उत्तर देणं हे निव्वळ भाषण आहे. योग्य उत्तर असं की, म्हणूनच हे काम एकट्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. ज्याचा खर्च एकाचा आणि लाभ सगळ्यांचा, ते काम स्वेच्छेने कधीच पुरेसं होत नाही. सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडू नये हे आपण सदिच्छेवर ठेवलेलं नाही. मग पाणी खाली जाऊ देण्याचं काम सदिच्छेवर का?

चेन्नईकडे दोन्ही बाजू बोट दाखवतात, आणि दोघांनाही तिथे हवं ते सापडतं. तामिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पावसाचं पाणी अडवणं बंधनकारक केलं, बहुतेकांनी पाणी जमिनीत सोडण्याची सोय केली, आणि पुढच्या काही वर्षांत चेन्नईची भूजल पातळी वर आली. समर्थक इथे थांबतात. विरोधक २०१९ चा जून दाखवतात, जेव्हा शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय कोरडे पडले आणि पुढे रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, तेच शहर पुरात बुडालं होतं हे दोघेही विसरतात. यातून नियम फसला असं निघतं का? २०१८ मध्ये ईशान्य मोसमी पावसाने तिथे दगा दिला होता. पाऊसच नाही तर खड्डा काय मुरवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण विरोधकांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कित्येक खड्डे नियम आला त्या वर्षी खणले गेले आणि नंतर कुणी त्यांच्यात डोकावलंही नाही. गाळाने तोंड बुजलेला खड्डा म्हणजे पालथा घडा. कागदावर तो अजूनही पाणी मुरवतोच आहे.

चेन्नईचं यश उचलून सगळीकडे चिकटवणाऱ्यांनी जमीनही बघायला हवी. समुद्रकाठच्या वाळूत पाणी सरसर उतरतं, शिवाय खालून येणारं खारं पाणी मागे रेटतं. बसाल्टसारख्या कठीण खडकात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. पोट लहान, तेही लवकर भरणारं. चिकण काळ्या मातीत तर खड्डा पावसाळाभर डबक्यासारखा तुंबून राहतो. माझ्या पहिल्या खड्ड्याने आणखी एक धडा दिला. टाकीचं ओसंडणारं पाणी गाळ बसवायचा हौद मध्ये न घेता मी सरळ खड्ड्यात सोडलं होतं. दोन सरी त्याने मुकाट्याने गिळल्या, तिसऱ्या सरीला काठापर्यंत भरून उभा. खाली कुदळ मारली तर वाळूच्या थरावर दोन बोटं जाडीचा गुळगुळीत चिखल, सारवल्यासारखा. त्याहून वाईट चूक म्हणजे गच्चीवरचं पाणी गाळण्याशिवाय थेट बोअरमध्ये सोडणं. पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ थेट भूजलात पोचवायची असेल तर याहून जवळचा रस्ता नाही. अशी सोय नसलेली बरी. म्हणून सक्ती म्हणताना मी ‘सरसकट’ म्हणत नाही. जमीन तपासून, मध्ये गाळणी ठेवून आणि जिथे मुरतं तिथेच.

‘पाणी तुम्ही अडवलंत तर खाली नदीला काय जाणार’ हा आक्षेप ऐकायला गमतीदार वाटतो, पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तो कायदाच होता. तिथे पाण्यावर पहिला हक्क आधी वापरणाऱ्याचा, म्हणून छतावरचं पाणी पिंपात धरणंही २०१६ पर्यंत बहुतेक घरांना मना होतं. त्या वर्षी कायदा बदलून दोन पिंपांची, मिळून ११० गॅलनची, म्हणजे चारशे लिटरच्या आसपासची मुभा मिळाली. आपण हसतो, पण त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. छतावर पडलेलं पाणी निव्वळ घरमालकाचं नसतं. पुढचं पाऊल मात्र त्यांनी उलटं टाकलं. सगळ्यांचा हक्क असेल तर त्यातलं काही जमिनीला परत द्या, असं सांगायला हवं होतं. त्यांनी धरूच नका म्हणून सांगितलं.

आता सरकारच्या जबाबदारीचा मुद्दा, कारण हा विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. नळाला पाणी देणं सरकारचंच काम, यात मला तीळमात्र शंका नाही. टाकीच्या नावाने ते टाळलं जात असेल तर टाकीला विरोध करणाऱ्यांच्या शेजारी मीही उभा राहीन. पण घरची टाकी माणसाला सरकारपुढे दुबळं करते, असं जे सुचवलं जातं ते ब्राझीलने खोटं ठरवलंय. तिथल्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यात २००३ पासून सरकारच्या पैशाने आणि गावोगावच्या संघटनांच्या कष्टाने छताखालच्या सोळा हजार लिटरच्या टाक्या बांधायला सुरुवात झाली. उद्दिष्ट दहा लाख टाक्यांचं. पिण्याला आणि स्वयंपाकाला पाच माणसांच्या घराला आठ कोरडे महिने पुरावं, हा हिशेब. सगळ्या घरकामाचं पाणी त्यांनी त्यात धरलंच नाही, म्हणून तो जमला. त्याआधी त्या भागात पाण्याचा टँकर कुणाच्या दारात थांबणार हे मतदानाशी बांधलेलं असे. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांना टाक्या देऊन फरक तपासला. टाकी मिळालेली माणसं वैयक्तिक मदतीसाठी पुढाऱ्यांकडे कमी गेली, आणि सत्तेवरच्या महापौरांची मतंही घटली. टँकरची वाट पाहणं कुणाच्या सोयीचं असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

सरकार की घर, हा पर्याय मुळातच खोटा आहे, हे जुन्या लोकांना कळत होतं. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत बौद्ध भिक्षूंच्या विहारांच्या बाजूला खडकात पाण्याची टाकी कोरलेली दिसतात. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय, आणि ती कुणी दान दिली तेही लिहून ठेवलंय. पैसा एकाचा, पाणी भिक्षुसंघाचं. इटलीतलं व्हेनिस तर चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात. चौकाखाली चिकणमातीचं अस्तर, त्यात वाळू, मध्ये विहीर, अशी रचना करून ते शहर शतकानुशतकं पावसाचं पाणी प्यायलं. तरीही पाऊस रुसला की होड्यांतून ब्रेंटा नदीचं पाणी आणावं लागे, त्याचा धंदा करणारा वर्गच तिथे होता. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि विहिरी मागे पडल्या. संपूर्ण शहर टाक्यांवर चालवून पाहिलेल्यांनीही अखेर नळ घेतला, हे टाकीभक्तांनी लक्षात ठेवावं. आणि रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात जे लिहिलंय ते नळभक्तांनी वाचावं. गडावर आधी पाणी पाहून किल्ला बांधावा, हे तर सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. गडावर झरा आहे, जेमतेम पाणी पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च वाढतो, तेव्हा जखिऱ्याचं, म्हणजे राखीव, पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी बांधून ठेवावीत आणि ती खर्चू नयेत. झरा चालू असतानाच टाकी खोदायला सांगणारा माणूस झऱ्यावर अविश्वास दाखवत नव्हता.

शुद्धतेवरून जे भांडण चालतं त्यात मी फार शिरत नाही, कारण ते बहुतांशी फुकटचं आहे. ‘आभाळाचं पाणी अमृत’ म्हणणाऱ्यांनी २०२२ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी काय मांडलं ते पाहावं. न विघटणाऱ्या पीएफएएस रसायनांचं पावसातलं प्रमाण जगात जवळपास सगळीकडे अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या तेव्हाच्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त आहे, असं त्यांनी दाखवलं. ठीक आहे, पिऊ नका. पण संडासात ओतायला पिण्याच्या दर्जाचं पाणी लागतं, हे कुणी ठरवलं? आज नेमकं तेच ओतलं जातंय. छतावरच्या घाणीला तर उपाय आहे. उतरत्या पाइपाला तळाशी झाकणाने बंद केलेली एक आंधळी नळी जोडायची, पहिला एक-दीड मिलिमीटर पाऊस तिच्यात अडकतो, ती भरली की मागचं पाणी टाकीकडे वळतं. शंभर चौरस मीटरला शंभर ते दीडशे लिटर सोडून द्यायचे. हंगामाच्या पहिल्या सरीनंतर मी तळाचं झाकण फिरवतो तेव्हा आधी गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि मग चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी उतरतं. त्यात कबुतरांची विष्ठा, शेवाळाचे तुकडे, सुकलेली पानं, एकदा तर मेलेली पाल. शंभर लिटर वाया गेल्याची हळहळ त्या क्षणी संपते. बाकी झाकण घट्ट, जाळी बारीक आणि टाकीत उजेड नको, म्हणजे डास आणि शेवाळ दोन्ही नाहीत. एवढ्यावर भांडायचं काय?

भांडायचंच असेल तर तपासणीवर भांडू. आज बांधकामाच्या दाखल्यापुरता खड्डा दाखवला की काम संपतं. तो पुढच्या वर्षी पाणी पितो की नाही, हे विचारणारं कुणी नसतं. विरोधक म्हणतात, अंमलबजावणी होत नाही म्हणून नियमच नको. मग वाहनांचे ब्रेक तपासले जात नाहीत म्हणून ब्रेकची सक्तीही काढायची का? पावसाआधी महिनाभर एक माणूस दोनशे लिटरचं पिंप घेऊन आला, खड्ड्यात ओतलं आणि घड्याळ लावून पाहिलं, तर दाखल्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कळेल. ज्याचा खड्डा पितो त्याला करात थोडी सूट, ज्याचा नाही त्याला साफ करायला पंधरा दिवस. याला नवा कायदा लागत नाही, पिंप लागतं.

गेल्या उन्हाळ्यात ही परीक्षा मी आधी माझ्याच खड्ड्यावर घेतली. सकाळी सातला पिंप उपडं केलं. दुपारी बाराला पाणी वीतभर खाली गेलं होतं, संध्याकाळी तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी वरची वाळू फावड्याने काढून धुतली, खडी हलवली, गाळाच्या हौदातून दोन घमेली चिखल निघाला. पुन्हा पिंप ओतलं, तर चाळीस मिनिटांत तळाची खडी दिसली.